गांधील अडवा, मधमाशी सोडा

हिंगोलीचं नाव बाहेर गेलं ते हळदीमुळे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीची लागवड बेण्यानं होते, तिला मधमाशीशी देणंघेणं नाही. पण त्याच शिवारात तूर असते, करडई असते, कुठे सूर्यफूल, कुठे बियाण्यासाठी राखलेला कांदा. या फुलांवर माश्या फिरल्या तर दाणा चांगला भरतो. म्हणून बांधावर मधपेटी ठेवायचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यानं गांधीलमाशीचीही ओळख करून घ्यायला हवी.

कोरड्या मैदानी मुलखात मधपेट्यांना सर्वांत जास्त छळणारी गांधील तांबूस तपकिरी असते. तिच्या पोटावर रुंद पिवळा पट्टा असतो आणि तोंडही पिवळं. इजिप्तपासून भारतापर्यंत तिचं राज्य आहे. जमिनीतलं बीळ, जुन्या भिंतीतली पोकळी, झाडाची ढोली, कुठेही ती घर करते. पेटीच्या दारासमोर ती हवेत तरंगत थांबते, परतणारी माशी झेलते, डोकं, पंख आणि पोट तोडून टाकते आणि फक्त छातीचा भाग उचलून नेते. उडण्याचे स्नायू तिथेच असतात. हे मांस ती स्वतः खात नाही, घरट्यातल्या अळ्यांना भरवते. तिला स्वतःला घन अन्न गिळता येत नाही. अळ्या तोंडातून जो पातळ रस देतात त्यावर आणि फुलाफळांच्या गोडव्यावर ती जगते.

माश्या मरतात हे नुकसान तर आहेच, पण खरं नुकसान दहशतीचं. दारात गांधील घिरट्या घालू लागल्या की कामकरी माश्या बाहेर पडणं थांबवतात. पराग येत नाही, मकरंद येत नाही, राणीचं अंडी घालणं मंदावतं. पावसाळा ओसरताना गांधिलींची संख्या वाढलेली असते, आणि पुढे फुलणाऱ्या तुरीसाठी, करडईसाठी वसाहत भरायला हवी तीही याच दिवसांत.

आपली सातेरी माशी अगदीच निराधार नाही. गांधील आत शिरली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गोळा करून अंग थरथरवतात. गोळ्याच्या आतलं तापमान ४६ अंशांच्या आसपास जातं आणि गांधील भाजून मरते. सातेरी त्याहून दोनतीन अंश जास्त सोसते, म्हणून वाचते. युरोपातून आणलेल्या मेलिफेराला ही विद्या नीट जमत नाही. ती भारतात रुजली १९६२ साली, हिमाचलमधल्या नगरोट्याला, आणि गांधील तर इथे युगानुयुगे आहे. पेटीत मेलिफेरा असेल तर पहारा माणसालाच करावा लागतो.

पहारा म्हणजे बहुतेकांच्या मते गुळाचं पाणी भरलेली बाटली. हा सापळा टांगण्यापेक्षा न टांगलेला बरा. फुलं कमी असलेल्या दिवसांत गुळावर पहिली झडप मधमाशीच घालते, आणि ज्यांना वाचवायचं त्याच बुडून मरतात. शिवाय फुलपाखरं आणि निरुपद्रवी माश्याही त्यात जातात.

निवडक सापळ्याची युक्ती दोन गोष्टींत आहे, आमिष आणि भोकं. अळ्या वाढवण्याच्या दिवसांत गांधिलीला मांस हवं असतं आणि मधमाशी मांसाकडे फिरकत नाही. त्यामुळे मासळीचा किंवा मटणाचा तुकडा हे आपोआप निवडक आमिष. (शाकाहारी घरात ही कामगिरी कोणावर सोपवायची हे ज्याचं त्यानं ठरवावं.) गोड आमिष लावायचंच तर ते आंबलेलं असावं आणि त्यात थोडं व्हिनेगर असावं, त्या वासाला मधमाशी बिचकते. आत जायचं भोक सगळेच पाडतात. सुटकेची भोकं मात्र कोणी पाडत नाही. युरोपात त्यासाठी साडेपाच मिलिमीटरचं माप रूढ आहे. मधमाशी आणि छोटे कीटक त्यातून निसटतात, गांधील अडकते. आमिषावर जाळी बसवली की चुकून आत गेलेला जीव बुडतही नाही.

युरोपात हे सापळे गाजले ते २००४ च्या सुमारास आशियातली एक गांधील फ्रान्समध्ये पोचल्यावर. चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून ती गेली असं मानतात. अमेरिकेत २०१९ साली सापडलेल्या राक्षसी गांधिलीला तर पकडून अंगावर रेडिओ ट्रान्समीटर बांधला आणि तिच्या मागोमाग घरटं गाठलं. २०२४ च्या डिसेंबरात तिचं उच्चाटन झाल्याचं तिथे जाहीर झालं. पण तिथे ती उपरी होती. हिंगोलीत गांधील मूळची आहे. कपाशीवरच्या, भाजीवरच्या अळ्या आणि गोठ्यातल्या माश्या तीच उचलून नेते. तिचा नायनाट हे आपलं काम नव्हे, तिला पेटीच्या दारापासून लांब ठेवणं एवढंच आपलं काम.

त्याला सापळ्याआधीचे उपाय पुरतात. पेटीचं प्रवेशद्वार मधमाशीपुरतं बारीक करा, कमकुवत वसाहती एकत्र करा. सकाळ-संध्याकाळ पेटीपाशी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन थोडा वेळ उभं राहिलात तर तो सगळ्यांत निवडक सापळा. फटका बसतो तो नेमका गांधिलीलाच. घरट्यावर रॉकेल ओतून आग लावण्याचा पराक्रम कोणी करू नये. एकाच वेळी अनेक डंख बसले तर जीव जाऊ शकतो. घरटं वस्तीत किंवा वाटेवर असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. विषारी आमिषही नको, मेलेली गांधील पक्षी खातात.

पेटी घेण्याआधी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. सापळा लावलात तर रोज संध्याकाळी उघडून बघा. आत गांधिलींपेक्षा मधमाश्या जास्त दिसल्या तर तो त्याच दिवशी उतरवा.