गुलामगिरी एका सहीने संपली नाही

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावात काळ्या लोकांनी तिथली कचेरी राखून धरली होती. निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला होता. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा निदान साठ होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आपल्याकडे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताची गोष्ट सांगताना कोलफॅक्स येतच नाही. अध्यक्ष लिंकन आले, युद्ध जिंकलं, गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही झाली, गुलाम सुटले, एवढ्यावर ती संपते.

सुरुवात युद्धाच्या कारणापासून करू. ‘भांडण मुळात पैशाचं होतं; उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती, मधे जकातीचा वाद’ हे वाक्य अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जकातीचे वाद होतेच. पण फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं मिसिसिपीचं निवेदन सुरुवातीलाच सांगतं. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सॅव्हानातल्या भाषणात नव्या राष्ट्राची कोनशिलाच सांगितली: काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. १८६०च्या जनगणनेत ३९ लाखांहून अधिक माणसं गुलाम होती आणि कायद्याच्या लेखी ती मालकांची मालमत्ता होती. मग पैशाचा प्रश्न गुलामगिरीपासून वेगळा काढायचा कसा? गुलामांच्याच हातांनी वेचलेल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत. युद्धात तो कापूस अडला तेव्हा मागणी आपल्याकडे वळली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली हे खरं, पण उत्तर सुरुवातीला ती मोडण्यासाठी लढत नव्हती. तिला देश एकसंध ठेवायचा होता.

म्हणूनच १ जानेवारी १८६३चा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखापुरता होता. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या मेरीलँड, केंटकी, मिसूरी आणि डेलावेअर या राज्यांतल्या गुलामांना तो लागू नव्हता. तरीही त्याला पोकळ म्हणता येणार नाही. फौज जसजशी पुढे सरकली तसतशी माणसं मोकळी होत गेली आणि काळ्या माणसांना सैन्याची दारं उघडली. देशभर गुलामगिरीवर बंदी आणली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. तिच्यातही एक पळवाट राहिली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल.

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते ‘त्यांना स्वातंत्र्य मिळालं’ हे वाक्य, जणू त्यांनी स्वतः काही केलंच नाही. १३ मे १८६२च्या पहाटे चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ या बोटीचे गोरे अधिकारी रात्रीच्या मुक्कामाला किनाऱ्यावर गेले होते. बोटीवरच्या रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, वाटेत बायकामुलांना बोटीत घेतलं आणि सम्टर किल्ल्यासमोरून जाताना ठरलेल्या खुणेची शिट्टीही बिनचूक वाजवली. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर पांढरी चादर फडकावून त्याने बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे स्मॉल्स अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. उत्तरेच्या फौजेत सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले, तेही १८६४पर्यंत गोऱ्यांपेक्षा कमी पगारावर.

युद्धानंतर झालेल्या दक्षिणेच्या पुनर्रचनेबद्दलचा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे: अडाणी माणसांच्या हाती सत्ता गेली, अनागोंदी माजली आणि प्रयोग फसला. १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने हेच चित्र घरोघरी पोचवलं. इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये ग्रंथ लिहून ते खोडून काढलं. प्रत्यक्षात काय झालं? दक्षिणेच्या राज्यांनी आधी जाचक कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीला काळ्या माणसाने कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. नसला तर दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. उत्तरेचे सेनानी शर्मन यांच्या हुकमाने ज्यांना चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे मिळाले होते, त्यांची जमीन लिंकननंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत दिली. बहुतेकांच्या नशिबी पुन्हा त्याच मळ्यांवर बटईची शेती आली.

तरीही १८६७नंतर मताचा हक्क मिळाला आणि सुमारे २,००० काळी माणसं लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर बसली. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी राहिली ती याच काळात. हे राज्य आपोआप कोसळलं नाही, ते बंदुकीने मोडलं. कोलफॅक्सच्या मारेकऱ्यांपैकी मोजक्यांनाच दोषी ठरवलं गेलं आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं. १८७७च्या राजकीय तडजोडीनंतर केंद्राने दक्षिणेतून हात काढून घेतला. पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये राज्यघटनेत पक्का केलेला मताधिकार दक्षिणेत खऱ्या अर्थाने बजावता यावा, यासाठी १९६५चा कायदा यावा लागला.

विक्रीने तुटलेली घरंही सहीने जुळली नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या पत्रात हरवलेल्या आप्तांच्या शोधाचं एक सदर होतं. पन्नास सेंट भरून लोक त्यात लिहीत: आईचं नाव, तिला विकणाऱ्या मालकाचं नाव, तिला शेवटचं पाहिलं ते गाव. पाद्री हे मजकूर प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवत. विसावं शतक तोंडावर आलं तरी या जाहिराती येतच होत्या.

‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका पुन्हा वाचाल तेव्हा गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांत या माणसांनाही धरा: पहाटे बोट पळवणाऱ्यांना, कोलफॅक्सची कचेरी राखणाऱ्यांना आणि पन्नास सेंट भरून आईला शोधणाऱ्यांना.