पडण्यापूर्वीची परीक्षा

महोत्सवाच्या या अंकासाठी आरोग्यावर चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पेशाने शिक्षक, डॉक्टर नव्हे. परंतु परीक्षा घेणे हा आमचा रोजचाच उद्योग. म्हणून एका परीक्षेविषयीच लिहितो. ती घरातील वडीलधाऱ्यांची आहे, आणि आम्ही ती वेळेवर घेतली नाही, याचे शल्य अद्याप मनात आहे.

आमच्या मातोश्री एकाच हिवाळ्यात दोनदा मोरीपाशी घसरून पडल्या. ‘मुलांना उगाच घोर कशाला?’ म्हणून त्यांनी ते कोणास सांगितले नाही. पुढे आम्हांस कळले, तेव्हा आम्हीही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून दिले. तिसऱ्या खेपेस खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु काठीवाचून उंबरठा ओलांडणे कायमचे सरले. पहिले पडणे हीच सूचना होती, हे आम्हांस नंतर डॉक्टरांकडून समजले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. पासष्टी उलटलेल्या दर तिघांपैकी जवळजवळ एकजण वर्षातून एकदा तरी पडतो. तेव्हा ही गोष्ट केवळ दैवावर सोडण्याजोगी नाही.

परीक्षेचे तोंडी प्रश्न तीनच. गेल्या वर्षभरात पडलात काय? उभे राहताना वा चालताना तोल जाईलसे वाटते काय? पडण्याची धास्ती वाटते काय? एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर प्रात्यक्षिक घ्यावे.

त्यास हातांची खुर्ची आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. १९९१ साली मॉन्ट्रियल येथील पॉड्सियाड्लो व रिचर्डसन या दोघींनी ही रीत प्रसिद्ध केली. खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जावे, वळावे, परत येऊन बसावे. रोजचे पायताण व काठी असू द्यावी. शेजारी सावरणारे माणूस हवेच. बारा सेकंद वा अधिक लागल्यास धोका आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

घड्याळ नसतानाही डोळे उघडे ठेवावेत. सजद्यातून किंवा पूजेच्या पाटावरून उठताना अलीकडे आधार शोधावा लागतो काय? चालताना हात भिंतीकडे जातो काय? बोलू लागताच पाय थबकतात काय? हे शेवटचे लक्षण असलेले वृद्ध अधिक पडतात, असे स्वीडनमधील संशोधकांना १९९७ साली आढळले.

डॉक्टर मग कारण शोधतात. पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजतात व उभे केल्यावर पुन्हा मोजतात. वरचा आकडा वीसने वा अधिक उतरला, तर उठताच घेरी येण्याचा संभव असतो. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय यांचीही तपासणी होते. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या तर अवश्य दाखवाव्यात. मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

घरचे काम आपले. मोरी कोरडी ठेवावी, भिंतीला धरावयास दांडी बसवावी, सरकणारे पायपुसणे काढावे, रात्री शौचाच्या वाटेवर दिवा असावा. परंतु भीतीपोटी वडिलांना खाटेवर बसवून ठेवणे ही मोठी चूक होय. त्याने पाय आणखी दुबळे होतात. उलट, तोल सावरण्याचा व मांड्या बळकट करण्याचा नियमित व्यायाम केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे अनेक प्रयोगांवरून दिसले आहे.

अखेरचे सांगणे हेच, की प्रश्न विचारताना आवाज चढवू नये. शाळेत आम्ही पाहतो, छडीच्या भीतीने मूल चूक लपविते. म्हातारपणीही तसेच होते. आमच्या मातोश्री पहिल्याच दिवशी मोकळेपणी सांगत्या, तर आज त्या अंगणात असत्या. वाचकहो, हा अंक खाली ठेवाल तेव्हा घरच्या थोरल्यांजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा.