गोल्ड स्पॉटची बाटली

गोल्ड स्पॉट गेलं कुठं, एवढाच प्रश्न संपादकांनी हातात दिला. कंपनीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. पार्लेच्या चौहान कुटुंबानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला संत्र्याच्या चवीचं हे पेय बाजारात आणलं. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांना मोकळं रान मिळालं.

मी गुंतलो तो काचेच्या बाटलीत. ती गिऱ्हाइकाची कधीच नसे. दुकानातच उभ्यानं प्यायची, नाहीतर डिपॉझिट भरून घरी न्यायची. रिकाम्या बाटल्या क्रेटमधून कारखान्यात परत येत, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या जात आणि उजेडाच्या पडद्यासमोरून एकामागून एक सरकत. तिथं बसलेला कामगार नुसता बघत असे. तळाशी अडकलेली स्ट्रॉ, गळ्याला गेलेला तडा, कडेला राहिलेला डाग दिसला की ती बाटली बाजूला. पट्टा त्याच्यासाठी थांबत नसे. साखर, रंग, वायू हे सगळं मापानं पडतं. पोराच्या तोंडाला लागणारी बाटली स्वच्छ आहे की नाही, हे मात्र त्या डोळ्यांवर होतं. त्या कामाला जाहिरातीत कधी जागा मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

जागा मिळाली बाटलीच्या झाकणाला, म्हणजे बिल्ल्याला. ऐंशीच्या दशकात त्याच्या आतल्या बाजूला ‘जंगल बुक’मधली चित्रं आली आणि पोरं दुकानांपुढं पडलेले बिल्ले वेचू लागली.

हा सगळा डोलारा गावोगावच्या बाटली भरणाऱ्या कारखानदारांवर उभा होता. पार्ले अर्क पुरवी. यंत्रं, बाटल्या, गाड्या कारखानदारांच्या. १९९३मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं पार्लेची पेयं विकत घेतली. नावांबरोबर ही तयार साखळीही तिच्या कामी आली. तिच्याकडे संत्र्याचं स्वतःचं पेय होतं, फँटा. एकाच कारखान्यात, एकाच फळीवर एकाच चवीची दोन पेयं कशाला पोसायची? थम्स अपला लोकांनी सोडलं नाही, म्हणून ते टिकलं. गोल्ड स्पॉट मागं घेतलं गेलं.

ते परत आणा, अशी मागणी अधूनमधून होते. माझाही जीव त्यात आहे. पण नाव कोका-कोलाकडे आहे आणि ते पुन्हा बाजारात आणायचं म्हणजे फँटाला घरातूनच स्पर्धा उभी करायची. रिलायन्सनं २०२३मध्ये कॅम्पा हे तसंच जुनं पेय परत आणलं, त्यात संत्र्याची चवही आहे. विकलं जातं ते मुख्यतः प्लास्टिकच्या बाटलीतून.