क्योनिगग्रेट्स : एका विजयाने कशावर पडदा टाकला?

३ जुलै १८६६ रोजी प्रशियाच्या भवितव्याचा निवाडा दोन ठिकाणी चालू होता. बोहेमियात क्योनिगग्रेट्सजवळ प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचे मिळून चार लाखांहून अधिक सैनिक लढत होते. त्याच दिवशी प्रशियात निर्वाचक मंडळे विधिमंडळाचे प्रतिनिधी निवडत होती. लढाई पाठ्यपुस्तकांत आली, निवडणूक मागे पडली. ही लढाई प्रशिया हरला असता तर काय झाले असते, याचे उत्तर मात्र दोन्ही घटना शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही.

रणांगणावरचा थोडासा फरक

प्रशियाचे सेनापती मोल्टके यांनी तीन सैन्ये वेगवेगळ्या वाटांनी पुढे आणून ती लढाईतच एकत्र करायचे ठरवले होते. युवराज फ्रीडरिख विल्हेल्म यांचे दुसरे सैन्य दूर होते आणि तारायंत्राचा संपर्क नव्हता. त्यामुळे निघण्याचा हुकूम रात्रीतून घोडेस्वाराकरवी धाडावा लागला. सकाळभर प्रशियाचे पहिले सैन्य ऑस्ट्रियाच्या तोफांपुढे अडकून पडले. पण स्वीपच्या जंगलात प्रशियाच्या एका डिव्हिजनला हुसकावण्याच्या भरात ऑस्ट्रियाच्या दोन कोअरनी उजव्या बगलेवरची आपली जागा सोडली. दुपारी युवराजांचे सैन्य नेमके त्याच बाजूने आले आणि ख्लुम गाव पडले. ऑस्ट्रियाच्या बाजूची हानी सुमारे ४४ हजार, त्यांतले निम्म्याच्या आसपास युद्धकैदी. प्रशियाची सुमारे ९ हजार.

हुकूम वेळेवर पोचला नसता किंवा त्या दोन कोअर जागेवर राहिल्या असत्या, तर ऑस्ट्रियाचे सेनापती बेनेडेक यांना दिवस राखता आला असता. पण त्यापुढे जाताना सावध राहायला हवे. याच बेनेडेक यांनी लढाईपूर्वी सम्राटाला तार करून तह करण्याची विनवणी केली होती. असा सेनापती बर्लिनपर्यंत पाठलाग करील, हे संभवत नाही. शिवाय ऑस्ट्रियाची मोठी फौज इटलीच्या आघाडीवर गुंतली होती आणि १२ जूनच्या गुप्त करारात व्हेनेशिया सोडण्याचे वचन फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याला दिलेले होते. १८३४ पासूनचा जर्मन राज्यांचा जकातसंघ तर ऑस्ट्रियाला बाहेर ठेवूनच वाढला होता. एका लढाईने बाजारपेठ, रेल्वे आणि कोळसा व्हिएन्नाकडे वळला नसता. जर्मन राज्ये जवळ येतच राहिली असती, मात्र सावकाश आणि सैलसर संघाच्या रूपात.

बर्लिनमधला मोठा फरक

खरा बदल घडला असता तो प्रशियाच्या राज्यकारभारात. सैन्यसुधारणांच्या खर्चावरून राजा आणि विधिमंडळ यांच्यात पेच होता. सप्टेंबर १८६२ मध्ये राजा विल्हेल्म यांनी राजत्यागाचा मसुदाही तयार केला होता. त्या वेळी बिस्मार्क पंतप्रधान झाले आणि पुढची चार वर्षे त्यांनी मंजूर अंदाजपत्रकाविना कारभार रेटला. ज्या युवराजांनी क्योनिगग्रेट्सला बिस्मार्क यांची बाजू सावरली, त्यांचा स्वतःचा कल उदारमतवादाकडे होता. १८६३ मध्ये वृत्तपत्रांवरील निर्बंधांविरुद्ध ते डान्झिगला जाहीरपणे बोलले होते आणि हे युद्धही त्यांना नको होते. पराभवानंतर बिस्मार्क टिकले नसते. राजाने तो जुना मसुदा पुन्हा हाती घेतला असता, तर गादीवर हेच युवराज आले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विजयाची बातमी पोचण्याआधीच, युद्धाच्या वातावरणात, मतदारांनी पुराणमतवाद्यांना भरघोस जागा दिल्या होत्या. तरीही त्यांना स्वबळावर बहुमत मिळाले नव्हते. पराभूत मंत्रिमंडळाला त्या सभागृहाने अंदाजपत्रकाचा जाब विचारलाच असता.

प्रत्यक्षात ३ सप्टेंबर १८६६ रोजी त्याच सभागृहाने २३० विरुद्ध ७५ मतांनी चार वर्षांच्या बेकायदा खर्चाला माफी दिली. उदारमतवाद्यांत फूट पडली. १८७१ च्या जर्मन साम्राज्यात चॅन्सेलर सम्राटाच्या मर्जीवर राहिला आणि सैन्याची सूत्रेही सम्राटाकडेच गेली. युवराज १८८८ मध्ये गादीवर आले ते घशाच्या कर्करोगाने ग्रासलेले, आणि ९९ दिवसांत वारले.

म्हणून या लढाईचा कल्पित पराभव मला नकाशापेक्षा राज्यघटनेसाठी महत्त्वाचा वाटतो. जर्मनी एक होणे बहुधा अटळ होते. ते संसदेचा हक्क डावलून होणे मात्र अटळ नव्हते. यशस्वी झालेल्या बेकायदेशीरपणाला कायद्याची मोहर देणारे ते मतदान प्रतिनिधींनी शुद्धीवर राहून केले. त्याची जबाबदारी मोल्टके यांच्या तोफांवर ढकलता येत नाही.