माजी क्रिकेटपटूंचा सन्मान, मुंबईतील

निवृत्त खेळाडूच्या कामगिरीची स्मृती जपण्यासाठी व त्याच्या उत्तरायुष्यास आधार देण्यासाठी क्रीडासंस्थांनी रूढ केलेल्या पद्धती. मैदानावरील वास्तूंना नाव देणे, पुतळा उभारणे, गणवेशावरील क्रमांक निवृत्त करणे, पुरस्कार देणे, मदतीसाठी सामने भरविणे व निवृत्तिवेतन देणे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत.

क्रमांक निवृत्त करण्याची प्रथा उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत दृढ झाली. टोराँटो मेपल लीफ्स संघाचा एस बेली हा डिसेंबर १९३३ मधील सामन्यात डोक्यास गंभीर इजा होऊन खेळास कायमचा मुकला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी खास सामना झाला आणि त्याच प्रसंगी त्याचा ६ हा क्रमांक निवृत्त करण्यात आला. गौरव आणि अर्थसाहाय्य या दोन्ही बाजू अशा रीतीने एकाच प्रसंगी साधल्या गेल्या.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये ही प्रथा सुरुवातीस शक्य नव्हती; कारण पांढऱ्या गणवेशावर क्रमांक नसत. कसोटी सामन्यांत ते २०१९ मध्ये आले. त्यामुळे येथे खेळाडूची स्मृती मैदानाशी जोडली गेली. वानखेडे स्टेडियममधील स्टँडना विजय मर्चंट, सुनील गावसकर व सचिन तेंडुलकर यांची नावे आहेत. २०२१ मध्ये दिलीप वेंगसरकर यांचे, तर १६ मे २०२५ रोजी अजित वाडेकर व रोहित शर्मा यांचे नाव स्टँडला देण्यात आले. १९७१ मध्ये वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड येथील कसोटी मालिका जिंकल्या होत्या. शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडविलेल्या तेंडुलकर यांच्या पुतळ्याचे अनावरण याच स्टेडियममध्ये १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. दादरच्या शिवाजी पार्कवर पिढ्या घडविणारे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे स्मारक तेथेच ३ डिसेंबर २०२४ रोजी उभे राहिले. व्यावसायिक लीगच्या उदयानंतर क्रमांकाची प्रथाही आली. मुंबई इंडियन्स संघाने २०१३ मध्ये तेंडुलकर यांचा १० हा क्रमांक निवृत्त केला.

असे सन्मान साहजिकच मोजक्या व बहुधा आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूंच्या वाट्यास येतात. मुंबईची परंपरा मात्र त्यांच्याइतकीच केवळ रणजी सामने खेळलेल्यांनीही घडविली. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. यांपैकी अखेरच्या अंतिम सामन्यात डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (१९४०–२०२५) यांनी चेन्नई येथे तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ व १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी मिळवूनही त्यांना कसोटी खेळावयास मिळाली नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१७ मध्ये, म्हणजे वयाच्या शहात्तरीत, लाभला.

त्या काळी खेळावर चरितार्थ चालत नसे. बँका व कंपन्या खेळाडूंस नोकऱ्या देत व टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत त्यांचे संघ उतरत. वाडेकर स्टेट बँकेत, तर गावसकर निर्लॉनमध्ये होते. नोकरी हाच खेळाडूचा खरा आधार असे. नियामक मंडळाने पुढे निवृत्तिवेतन सुरू केले. २०२२ मध्ये प्रथम दर्जाच्या खेळाडूंचे दरमहा १५,००० रुपयांचे वेतन ३०,००० रुपये, तर २००३ पूर्वी निवृत्त झालेल्यांचे २२,५०० रुपयांचे वेतन ४५,००० रुपये करण्यात आले. स्टँडवरील नावामुळे पुढील पिढीस खेळाडूचा परिचय होतो. निवृत्तिवेतनामुळे ज्याचे नाव कोठेही कोरले गेले नाही, अशा खेळाडूचीही दखल घेतली जाते. या दोहोंचा मेळ असेल, तरच सन्मान पूर्ण ठरतो.