कागदावर टायफॉईड, अंगात ताप कोणता?

पावसाळा लागला, नाल्याचं पाणी विहिरीत उतरलं की आपल्या सेनगाव-कळमनुरीकडं तापाचे पेशंट वाढतात. दोन दिवस दुखणं अंगावर काढायचं, तिसऱ्या दिवशी एस.टी.नं तालुका गाठायचा. रक्त दिलं की तासाभरात चिठ्ठी हातात येते, ‘टायफॉईड निघाला!’ मग सलाईन आणि इंजेक्शनं. हळदीचे चार पैसे तिथंच संपतात.

त्या चिठ्ठीवर ‘विडाल’ असं लिहिलेलं असतं. फ्रान्सच्या विडाल नावाच्या डॉक्टरनं १८९६ साली ही तपासणी सांगितली. पण मंडळी, तिच्यात टायफॉईडचा जंतू दिसत नाही. जंतूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं तेवढी कळतात. १:८० म्हणजे रक्तातलं पाणी ऐंशी पट पातळ केलं तरी जंतूंच्या गुठळ्या झाल्या. आकडा वाढला तसा संशय वाढतो.

घोळ इथंच आहे. टायफॉईड पूर्वी कधी होऊन गेला असेल तरी ‘एच’चा आकडा बरेच दिवस राहतो. आपल्याकडं धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडा आकडा सापडतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘ओ’ १:८० आणि ‘एच’ १:१६० पासून पुढंच संशय धरतात, तोही लक्षणं जुळली तर. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खरा टायफॉईड असला तरी पहिल्या आठवड्यात ती पुष्कळदा निगेटिव्हच येते, कारण प्रतिद्रव्यं तयार व्हायला वेळ लागतो. तिसऱ्याच दिवशी ‘निघालेल्या’ टायफॉईडवर भरवसा किती ठेवायचा, तुम्हीच बघा.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं आणि आकडा चौपट झाला, म्हणजे १:८० चा १:३२० झाला, तर पुरावा बळकट. पण मजुरी बुडवून दुसऱ्यांदा कोण जातं? त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी केलेलं ब्लड कल्चर चांगलं. निकालाला काही दिवस लागतात, पण त्यात प्रत्यक्ष जंतू सापडतो. ते कुठं होईल, हे डॉक्टरांना विचारा. मलेरियासाठी रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट घेतात, तो राहू देऊ नका. टायफॉईडच्या औषधानं मलेरिया बरा होत नाही, आणि तेवढ्यात लेकरू हातचं जायचं.

चिठ्ठीवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ असेल तर आकडा लिहून मागा. ताप कितव्या दिवसाचा, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, हे डॉक्टरांना सांगा. टायफॉईड ठरला तर ताप उतरला म्हणून औषध मधेच सोडू नका. पोटात एकदम जोराची कळ आली किंवा काळी शौच झाली तर त्याच घडीला मोठं रुग्णालय गाठा, आतड्याला भोक पडलेलं किंवा आत रक्त वाहत असू शकतं.

आणि बरं वाटल्यावर महिन्यानं पुन्हा विडाल करू नका. आकडा तेव्हाही दिसेल, अन् कुणीतरी पुन्हा सलाईन लावील.