ताशेरे पुसायचे कुणी?

संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या माणसाला निर्दोष म्हणायचं की नाही, हा प्रश्न गेल्या आठवड्यात अर्ध्यावर सोडला होता. तो आणखी एक आठवडा थांबू दे. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न असा आहे की तो मला बाजूला ठेववत नाही. न्यायालयाने अमक्यावर ताशेरे ओढले, तमक्याला खडे बोल सुनावले, असं त्या रोज पेपरात वाचतात. मग पुढे त्या माणसाचं होतं काय? ही शिक्षा म्हणायची की नुसतं बोलणं?

कायद्याच्या पुस्तकात बघाल तर ती शिक्षा नाही. शिक्षा व्हायची तर आधी आरोप ठेवावा लागतो, पुरावा यावा लागतो, आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं आणि निकालाविरुद्ध अपील करता येतं. ताशेऱ्याला यातलं काहीच लागत नाही. निकालपत्रातलं एखादं वाक्य पुरतं. आणि ते बहुतेक वेळा आरोपीबद्दल नसतंच. तपास करणारा फौजदार, शवविच्छेदन करणारा डॉक्टर, एखादा साक्षीदार, खालच्या कोर्टाचा न्यायाधीश, अशा माणसांबद्दल असतं. ते वाक्य खात्यात पोचतं, बढतीच्या वेळी फाइलीतून वर येतं, आणि पुढच्या खटल्यात विरुद्ध बाजूचा वकील ते उलटतपासणीत वाचून दाखवतो. म्हणून बाई, माझं उत्तर असं की नाव शिक्षेचं नसलं तरी वजन शिक्षेचंच असतं.

निकालाला लागणारं लिहिणं आणि ताशेरा यांच्यातली रेघ निकालपत्रात कुठे ओलांडली जाते ते पाहा. ‘या साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही’ असं न्यायाधीश लिहितो तेव्हा तो त्याचं काम करत असतो, कारण साक्ष तोलल्याशिवाय निकाल देता येत नाही. ‘हा साक्षीदार सराईत खोटारडा आहे’ असं लिहिलं की साक्षीचा निवाडा संपला आणि माणसाचा सुरू झाला. त्या माणसावर तर खटलाच नव्हता.

या विषयातला पायाभूत निकाल १९६३ सालचा, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मोहम्मद नईम. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला होते. हे मुल्ला उर्दूतले नावाजलेले कवी, पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. एका पोलिस अधिकाऱ्याच्या वागण्यावरून त्यांनी त्याला नोटीस काढली. त्याने माफी मागितली, त्यांनी ती स्वीकारली. प्रकरण तिथेच मिटायचं. पण आदेशात त्यांनी साऱ्या पोलिस दलालाच धारेवर धरलं. देशातल्या कुठल्याही गुन्हेगार टोळीची कामगिरी या संघटित दलाच्या जवळपासही येत नाही, अशा आशयाचं ते वाक्य होतं. ते काढून टाका म्हणून उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या. ज्याच्याबद्दल लिहिता आहात तो कोर्टासमोर आहे का, त्याला खुलासा करायची संधी मिळाली का? तसं लिहायला नोंदीवर पुरावा आहे का? आणि हातातल्या खटल्याचा निकाल देण्यासाठी ते लिहिणं गरजेचं आहे का? एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सबंध दलाबद्दलचं विधान या कसोट्यांवर उतरणार नव्हतंच. ते काढलं गेलं. मात्र काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ते आधी आपल्या निकालात जसंच्या तसं उतरवावं लागलं, त्यामुळे आजही कायद्याच्या अहवालांत ते वाचायला मिळतं. पोलिसांवरच्या लेखांत ते वाक्य अजून उद्धृत होतं. ते रद्द झालं, हे मात्र फार थोडे लेखक सांगतात आणि मला हे चुकीचं वाटतं.

याच निकालात मुंबईचाही संबंध येतो. खालच्या कोर्टाचे ताशेरे अंगभूत अधिकार वापरून काढायची मुभा उच्च न्यायालयाला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधी धरलं होतं. इतर उच्च न्यायालयांचं मत वेगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं बरोबर ठरवलं. फौजदारी प्रकरणात हा अधिकार तेव्हाच्या प्रक्रिया संहितेत कलम ५६१-अ मध्ये होता, १९७३ च्या संहितेत ४८२ मध्ये आला आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ मध्ये आहे.

सगळ्यात अवघड जागा खालच्या न्यायाधीशाची. वरच्या कोर्टाने त्याच्यावर लिहिलं तर त्याला उत्तर देता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वकिलांसमोर, त्याच पक्षकारांसमोर बसावं लागतं. मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ईश्वरी प्रसाद मिश्र खटल्यात खालच्या न्यायाधीशांच्या हेतूवर शंका घेणाऱ्या भाषेबद्दल वरच्या कोर्टांना संयमाची समज दिली होती. २००१ मध्ये दिल्लीच्या एका दंडाधिकाऱ्याचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. ताशेरे काढले गेलेच, पण निकालाच्या शीर्षकात त्या अधिकाऱ्याचं नावही ठेवलं नाही. फक्त ‘के’, एक न्यायिक अधिकारी. खालच्या न्यायाधीशाची चूक खरोखर गंभीर असेल तर मुख्य न्यायमूर्तींना वेगळी टिपणी पाठवा, असा मार्गही त्यात सांगितला आहे. ज्याला बोलता येत नाही त्याची इतकी काळजी घेणारा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

राहिलं सुनावणीत तोंडी बोललेलं. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल काढलेले उद्गार देशभर गाजले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सांगितलं की ते उद्गार आदेशात नाहीत, म्हणून काढून टाकायचा प्रश्न येत नाही, आणि ते छापायला वृत्तपत्रांना बंदीही घालता येणार नाही.

तेव्हा बाई, यापुढे अशी बातमी वाचलीत की आधी दोन गोष्टी पाहा. ते निकालात लिहिलंय की सुनावणीत बोललंय, आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याला कुणी विचारलं होतं का. पुढच्या आठवड्यात नक्की संशयाचा फायदा.